टाकीचे झाकण का अडते?

चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीहून मोटारीने परतताना पेट्रोल पंपावर टाकीबाहेरचे झाकणच उघडेना, तर काय कराल?

पुष्कळ मोटारींत चालकाजवळचा खटका ओढला, की सायकलच्या ब्रेकसारखी नळीतली तार ताणली जाते. खिटी मागे सरते आणि स्प्रिंग झाकणाला बाहेर ढकलते.

म्हणून एकाने खटका ओढून धरावा, दुसऱ्याने झाकण हलकेच आत दाबून सोडावे. दाबल्याने खिटीवरचा स्प्रिंगचा जोर कमी होतो, घर्षण घटते आणि अडकलेली खिटी सरकते. झाकण उघडले, तर धूळ पुसून खिटीला तेलाचा थेंब द्या. खटका अगदीच सैल लागला, तर तार तुटली किंवा निसटली असावी. मग कारागीरच हवा. पेचकसाने मात्र उचकटू नका, पत्रा वाकेल!