अकराव्या मजल्यावरचा रस्ता

रस्त्यावरून चालत चालत मी होंगयातोंगच्या दारात आले. पाठीमागून बस गेली, फळवाल्याची हाक ऐकू आली. सगळं कसं जमिनीवरचं! आत शिरून लिफ्टची बटणं पाहिली, तर मी अकराव्या मजल्यावर होते. थेट खाली उतरले, दार उघडलं, तर पुन्हा रस्ता, पुन्हा वाहनं आणि पलीकडे ज्यालिंग नदी. कड्याला टेकवून बांधलेल्या या इमारतीला डोक्यावरूनही रस्त्याचं दार आहे आणि पायथ्यालाही. मग तळमजला कुठला? चोंगछिंगमध्ये तीन दिवस हाच प्रश्न माझी पाठ सोडत नव्हता.

मी शांघायमध्ये राहते. तिथे इमारती आभाळाला भिडतात, पण जमीन ताटासारखी सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम चार मीटर. शांघायहून तीनेक तास विमानाने आत, पश्चिमेकडे गेलं की हे दुसरं टोक. यांगत्से आणि ज्यालिंग या दोन नद्यांच्या मधे डोंगराची एक चिंचोळी जीभ आहे आणि तिच्यावर जुनं शहर रचलेलं आहे. जिभेच्या टोकाला, छाओथ्येनमनच्या घाटावर उभं राहिलं की एका नदीचं हिरवट आणि दुसरीचं गढूळ पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतं. (नकाशावरचं चोंगछिंग फार मोठं आहे. १९९७ पासून थेट केंद्राच्या अखत्यारीत असलेलं हे क्षेत्र ८२ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडं जास्तच. पण त्यात बहुतेक डोंगर आणि खेडी.)

ज्या गावात सपाट जागाच नाही, तिथे माणसं जातात येतात कशी? १९८७ पासून यांगत्सेवरून रोपवे चालतो, ११६६ मीटर लांबीचा. लिआंगलुखोऊहून खाली रेल्वे स्टेशनकडे उतरायला ११२ मीटरचा सरकता जिना आहे. त्यावर अडीच मिनिटं नुसतं उभं राहायचं. भुयारी रेल्वेचं होंगयेनत्सुन स्थानक तर ११६ मीटर खोल आहे. सोयी झाल्या तरी पायऱ्या उरतातच. घाटावर खांद्यावर बांबू टाकून, दोन्ही टोकांना ओझी बांधून चढणारे हमाल मी पाहिले. अगदी आपली कावड. त्यांना इथे बांगबांग म्हणतात, म्हणजे काठी. काठीवरूनच माणसाची ओळख.

आणि मग लीझिबा स्थानक. १९ मजली इमारतीच्या पोटातून, सहाव्या ते आठव्या मजल्याच्या पातळीवरून, आगगाडी आरपार जाते. खाली शेकडो लोक माना वर करून उभे असतात. मीही त्यांच्यात होते. गाडी आली तेव्हा मला वाटलं होतं त्याहून कितीतरी कमी आवाज झाला. कारण तिला लोखंडी चाकंच नाहीत. ही चेंबूरच्या मोनोरेलसारखी, एका काँक्रीटच्या तुळईवर मांड ठोकून बसलेली गाडी. काही रबरी टायर तुळईवरून धावतात, काही दोन्ही बाजूंनी तिला कवळून धरतात. पोलादी चाक चढणीवर घसरतं, रबर पकड सोडत नाही. म्हणून डोंगरी वळणांच्या या मार्गासाठी मोनोरेल निवडली. इमारत फोडून रूळ घातले, असं अनेक जण समजतात, तसं झालेलं नाही. नदी आणि डोंगर यांच्यामधली जागा एवढीशी, की स्थानक आणि घरं एकाच वेळी, एकमेकांत बसवून उभारली. पण गाडीचा भार पेलणारे खांब वेगळे आणि इमारतीचे वेगळे. गाडीची थरथर घरांच्या भिंतींपर्यंत पोचू नये म्हणून हा घाट घातला. स्थापत्यातला इतका समजूतदार शेजार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

डोंगराने या शहराचा जीवही वाचवला आहे. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर चोंगछिंग चीनची हंगामी राजधानी झालं. १९३८ ते १९४३ या काळात जपानी विमानं इथे बाँब टाकत होती आणि लोकांनी खडकात भुयारं खोदली. ५ जून १९४१ च्या रात्री त्यातल्याच एका भुयारात गर्दीने गुदमरून असंख्य माणसं मेली, तेही विसरता येत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर यानानला जाण्याआधी याच शहरात होते, १९३८ च्या अखेरीस. भुयाराच्या तोंडाशी उभी असताना मला त्यांची फार आठवण झाली.

आज त्या भुयारांपैकी काहींत हॉटपॉटची दुकानं आहेत. नऊ खणांचं भांडं, गोवंशाच्या चरबीत उकळणाऱ्या लाल मिरच्या आणि त्यात काही क्षण बुडवून खायचं आतडं-कोथळं. श्रीमंतांनी टाकलेलं मांस स्वस्तात घेऊन नावाडी आणि हमालांनी घडवलेलं हे जेवण. पण खरी नवलाई मिरचीत नाही, ती ह्वाज्याओ नावाच्या छोट्या फळांत आहे. ती दाताखाली आली की ओठ झिणझिणतात, जीभ बधिरते. लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली माणसांच्या ओठांवर ही पूड लावली आणि बोटावरच्या यांत्रिक कंपनांशी त्या झिणझिणण्याची तुलना करायला सांगितली. जुळणी झाली सेकंदाला सुमारे ५० कंपनांशी. म्हणजे ती चव नव्हेच, स्पर्शाच्या नसांना होणारा भास आहे.

पहिल्या घासालाच मला तो वास ओळखीचा वाटला होता. ह्वाज्याओ हे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, दोन्ही एकाच वनस्पतिकुळातली, एकाच प्रजातिगटातली. मिरची अमेरिकेतून चीनलाही उशिरा पोचली आणि आपल्यालाही. हे फळ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आशियाच्या रानांत आहे. घरात तिरफळं असतील तर आज बांगड्याच्या आमटीत टाकण्याआधी एकाचं नुसतं टरफल, बी काढून, ओठांवर घासा आणि मिनिटभर थांबा.