बसलेला सोफा: आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय अगदी घरगुती आहे: बसलेला सोफा. म्हणजे आपण ज्यावर बसतो तो नाही, जो स्वतःच खाली बसलाय तो.

मागच्या पावसाळ्यात आई साताऱ्याहून पुण्याला माझ्याकडे राहायला आली. गुडघा बदलून चार महिने झाले होते, चालणं छान सुरू होतं. पण हॉलमध्ये आम्ही सगळे सोफ्यावर आणि ती आपली कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. विचारलं की म्हणायची, "मला इथंच बरं वाटतं रे." एक दिवस मी ऑफिसच्या कॉलवर असताना ती सोफ्यावर टेकली आणि तिला उठताच येईना. मी कामात आहे म्हणून हाकसुद्धा मारली नाही. वीस मिनिटं तशीच बसून राहिली. मग मला कळलं, खुर्ची का ते.

फिजिओथेरपिस्टनी आधीच सांगितलं होतं की बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. मी टेप लावला. रिकामा सोफा जमिनीपासून 17 इंच. आई बसली की 12. नव्या सोफ्याचा भाव काढला, तो 38,000. माझं बजेट 3,000.

पहिला प्रयत्न, जो फसला

सगळे करतात तेच मी केलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून 12 मिलिमीटरचा प्लाय मापात कापून आणला, 700 रुपये, आणि गाद्यांखाली सरकवला. उंची वाढली, मी खूश. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, हा सोफा आहे की एसटीचा बाकडा?"

कारण साधं आहे. सोफ्यात तीन थर असतात. सगळ्यात खाली लाकडी सांगाडा. त्यावर ताणलेले इलॅस्टिकचे पट्टे किंवा झिगझॅग स्प्रिंगा. आणि वर फोमची गादी. आपलं वजन पट्टे आणि फोम वाटून घेतात. मधे प्लाय घातला की पट्ट्यांचं काम बंद, सगळा भार एकट्या फोमवर. माझा फोम आधीच मेलेला. म्हणजे बग एकीकडे आणि पॅच दुसरीकडे. गादी जाड आणि चांगली असेल तर प्लाय चालतो, पण तो तात्पुरताच समजा.

मग तपासायचं कसं?

दहा मिनिटांचं काम आहे. गादी काढून फरशीवर ठेवा आणि तिच्यावर बसा. बुडाला फरशी लागली तर फोम गेलाय. फरशीवर ठीक वाटते, पण सोफ्यावर खचते, तर दोष खाली आहे. गाद्या काढून बैठक तळहाताने दाबा, ढिली जागा लगेच कळते. शेवटी दोघांनी मिळून सोफा पालथा घाला आणि तळाचं काळं कापड एका बाजूने उसवा. तुटलेले पट्टे, क्लिपमधून निसटलेली स्प्रिंग, तडा गेलेली पट्टी, सगळं समोर दिसतं. निसटलेली स्प्रिंग पुन्हा क्लिपमध्ये अडकवली की झालं, तिथे खर्चच नाही.

माझ्याकडे दोन्ही निघालं: पट्टे सैल आणि फोमचा पिवळा भुगा. सांगाडा मात्र ठणठणीत.

पट्टे

दोन इंच रुंदीचा इलॅस्टिक पट्टा आणला, 15 मीटर. आधी पुढून मागे, दोन पट्ट्यांमध्ये दोनेक इंच जागा सोडून. मग आडवे चार, चटईसारखे एकाखालून एकावरून विणून. असं विणलं की एका जागचं वजन शेजारच्या पट्ट्यांवरही जातं. ताण किती? मी दर दहा इंचांमागे एक इंच धरला. म्हणजे 20 इंचांच्या अंतराला 18 इंचांवर खूण करायची आणि ती ओढून काठापर्यंत आणायची. पट्ट्याचं टोक दुमडून मगच ठोका, नाहीतर ते उसवत जातं. माझ्या हातातल्या स्टेपल गनची पिन त्या लाकडात जाईना, शेवटी बारीक चुका मारल्या. दोन्ही अर्थांनी.

फोम

दुकानात 32, 40 असे आकडे ऐकू येतात. ती डेन्सिटी, म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. लोक समजतात आकडा मोठा म्हणजे कडक. तसं नाही. डेन्सिटीवरून टिकाऊपणाचा अंदाज येतो. मऊ की कडक हे वेगळं विचारावं लागतं. रोजच्या बैठकीसाठी मी 40 डेन्सिटीचा, जरा कडक फोम घेतला, पाच इंच जाड. खोळीच्या मापापेक्षा लांबी-रुंदीला अर्धा इंच जास्त कापून घ्या, म्हणजे खोळ भरून दिसते. वरून पॉलिएस्टरचा पांढरा थर गुंडाळला, दुकानदार त्याला रेक्रॉन म्हणतात.

हिशेब असा: पट्टे 450, फोमचे तीन तुकडे 1,500, रेक्रॉन 150, चुका 60, तळाचं नवं कापड 100. एकूण 2,260. प्लायचे 700 वेगळे, ती माझी शिकवणी. सगळे मिळून 2,960. वेळ गेला एक रविवार.

एक मात्र सांगतो. लाकडातून भुसा पडत असेल, वाळवी असेल किंवा सांगाडा दोन-तीन ठिकाणी मोडला असेल तर पट्टे-फोमवर पैसे घालू नका. आधी कारागिराला दाखवा.

आता रिकामा सोफा 18 इंच आणि आई बसल्यावर साडेपंधरा. पहिल्यांदा उठताना तिने हाताला हात धरू दिला नाही. सोफ्याचा हात धरला, उठली, पुन्हा बसली, परत उठली. मग म्हणाली, "रिमोट दे इकडे."

तर मंडळी, तुमच्या घरातलं वयस्कर माणूस सोफा सोडून खुर्चीवर बसत असेल, तर एकदा टेप लावून बघा. आणि माप घ्याल ते माणूस बसल्यावर घ्या, रिकाम्या सोफ्याचं नको. भेटू पुढच्या भागात.