मत्स्यालयासाठी नळाच्या पाण्याचे संस्करण

मत्स्यालयातील पाणी ठराविक प्रमाणात बदलताना त्यात सोडावयाच्या नळाच्या पाण्यातील क्लोरीन व तत्सम द्रव्ये काढून टाकण्याची प्रक्रिया. पाणी आपोआप बदलणाऱ्या योजनेत माणसाची देखरेख नसते. त्यामुळे या प्रक्रियेस विशेष महत्त्व येते.

आवश्यकता : माशांच्या उत्सर्गातून निघणाऱ्या अमोनियाचे सूक्ष्मजंतूंमुळे नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर होते. नायट्रेट साठत जाते व ते मुख्यतः पाणी बदलूनच कमी करता येते. उदा., नायट्रेट दररोज लिटरमागे 2 मिग्रॅ. वाढत असेल व नायट्रेटविरहित पाण्याने रोज 10% बदल केला, तर त्याचे प्रमाण सु. 20 मिग्रॅ.वर स्थिरावते.

क्लोरिनाचा परिणाम : पिण्याच्या पाण्यात क्लोरीन वापरल्यास अवशिष्ट मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिग्रॅ. असावे, असे भारतीय मानक 10500 (2012) सांगते. याउलट, गोड्या पाण्यातील जलचरांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अल्पकालीन 0.019 व दीर्घकालीन 0.011 मिग्रॅ. अशा मर्यादा ठरविल्या आहेत. म्हणजे माणसाचे रक्षण करणारी किमान मात्राही माशांच्या मर्यादेच्या सु. दहापट असते. क्लोरिनामुळे कल्ल्यांच्या ऊतकांना इजा होते. क्लोरामीन कल्ल्यांतून रक्तात शिरून हीमोग्लोबिनाची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटविते.

पद्धती : (१) उघड्या भांड्यात पाणी साठवून चोवीस तास वातन केल्यास मुक्त क्लोरीन सामान्यतः निघून जाते, क्लोरामीन मात्र बराच काळ टिकते. (२) सोडियम थायोसल्फेटाची क्रिया तात्काळ होते. एक भाग क्लोरिनास त्याचे सु. सात भाग स्फटिक लागतात. लिटरमागे 1 मिग्रॅ. क्लोरीन असलेल्या 20 लि. पाण्यास हिशेबाने 140 मिग्रॅ. पुरतात, व्यवहारात दुप्पट घेतात. क्लोरामीन असल्यास अमोनिया मागे उरतो व त्यासाठी जैव गाळणी किंवा झिओलाइट लागते. (३) सक्रियित कार्बनाच्या गाळणीतून पाणी संथपणे सोडतात. अशा दोन गाळण्या एकापुढे एक जोडून त्यांमधील पाण्याची ऑर्थोटोलिडिनाने नियमित परीक्षा करतात. पिवळा रंग दिसू लागल्यास पहिली गाळणी निकामी झाली असे समजून ती बदलतात.

स्थानिक परिस्थिती : पालघर जिल्ह्यातील गोखिवरे हे गाव वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या क्षेत्रात मोडते. या शहरास सूर्या प्रकल्प तसेच उसगाव व पेल्हार येथील धरणांतून पाणी मिळते. पाणी ठराविक वेळीच येत असल्यास ते प्रथम इमारतीच्या टाकीत साठते. साठवणीत क्लोरीन घटते. परंतु किती घटेल याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झाल्यावर क्लोरिनाची मात्रा वाढवावी लागते. म्हणून कालच्या परीक्षेवर आजचे पाणी सोडणे धोक्याचे असते. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी मिसळल्यास क्षारता व कठिनता बदलते. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीतील पाणी बरेच तापते.

यास्तव स्वयंचलित योजना थेट नळाला न जोडता मध्यंतरी वेगळी टाकी ठेवणे इष्ट होय. तीत बॉलकॉकने पाणी भरावे, संस्करण व परीक्षा करावी आणि मगच ते थोडेथोडे मत्स्यालयात सोडावे. जादा पाणी वाहून जाण्यास स्वतंत्र नळी हवी.

दक्षता : पुरवठा बंद असताना नळात ऋण दाब निर्माण होऊन मत्स्यालयातील दूषित पाणी पिण्याच्या नळात ओढले जाऊ शकते. म्हणून नळाचे तोंड व टाकीतील पाण्याची कमाल पातळी यांत मोकळी जागा ठेवावी. क्लोरीन काढलेले पाणी जंतूंपासून असुरक्षित असल्याने ते पिण्यास वापरू नये.