वाकळीचं कापड: भाव मीटरचा नको, वाकळीचा काढा

दुपारची कामं आवरून वाकळ मांडीवर घेतली असेल, तर टाके घालता घालता ऐका. वाकळ म्हणा नाहीतर गोधडी म्हणा, आज तिच्या कापडाचा हिशोब करायचाय.

आमच्या गटानं पहिल्यांदा विकायला १२ वाकळा शिवल्या, तेव्हा प्रत्येकीचे ७५० रुपये आले. आम्ही खूश! मग वही उघडली. एका वाकळीला कापड ६४४ रुपयांचं, दोरा ४० चा, गाडीभाडं ३० रुपये. झाले ७१४. उरले ३६ रुपये. एक वाकळ हातानं शिवायला वीस दुपारी गेल्या होत्या. आत घातलेल्या जुन्या साड्या तर आम्ही धरल्याच नव्हत्या. त्या दिवशी कळलं, की आपण शिलाईत नाही, कापडाच्या खरेदीत हरलो.

चूक कुठं झाली? आम्ही मीटरचा भाव विचारला, पन्हा विचारला नाही. आमची वाकळ पाच फूट रुंद आणि सात फूट लांब. धुतल्यावर सुती कापड मीटरमागं तीन ते पाच सेंटिमीटर आटतं, कडा दुमडायला थोडं लागतं. म्हणून एका पट्टीला २.३० मीटर धरायचं. पन्हा ३६ इंची असो की ४४ इंची, रुंदीला दोन पट्ट्या जोडाव्याच लागतात. म्हणजे एका बाजूला ४.६० मीटर, दोन्ही बाजूंना ९.२० मीटर. ४४ च्या पन्ह्यात जवळजवळ दोन फूट रुंदीची पट्टी उरते आणि तिचेही पैसे आपण भरतो. ३६ च्या पन्ह्यात थोडंच उरतं, त्याच्या कडेला लावायच्या पट्ट्या होतात.

आम्ही ४४ पन्ह्याचं कापड ७० रुपये मीटरनं घेतलं होतं. त्याच दुकानात ३६ पन्ह्याचं ६० रुपये मीटर होतं. ते घेतलं असतं, तर ५५२ रुपयांत भागलं असतं. एका वाकळीमागं ९२ रुपये वाचले असते. हे आमच्या वहीतले तेव्हाचे आकडे आहेत. तुमच्याकडं भाव वेगळा असेल, हिशोबाची रीत तीच. पाच फुटांपेक्षा मोठ्या पन्ह्याचं कापड मिळालं, तर एका बाजूला एकच पट्टी पुरते, जोड द्यावा लागत नाही. तेव्हा त्याचा भाव ३६ च्या दुपटीपेक्षा किती जास्त आहे ते बघा आणि मग ठरवा.

आता कापड घ्यायचं कुठून? सुरुवात घरापासून. जुनं सुती लुगडं आतल्या थराला सगळ्यात चांगलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, आणखी आटत नाही. पण विरलेलं नको. दोन्ही हातांनी ताणून बघा, फाटलं तर बाजूला ठेवा. आणि गटातल्या बाईनं साडी दिली, तर वहीत तिची किंमत लिहा.

दुसरी जागा शिंप्याकडची चिंधी आणि बाजारातले किलोवरचे कटपीस. इथं डोळे उघडे ठेवा. ३६ पन्ह्याच्या हलक्या सुती कापडाचा एक मीटर साधारण १०० ग्रॅम भरतो. म्हणजे किलोत दहा मीटर. २०० रुपये किलो असेल, तर मीटर २० रुपयांना पडला असं वाटतं. पण निम्मे तुकडे बारीक किंवा पॉलिस्टरचे निघाले, तर तोच मीटर ४० ला पडतो. वर जोडत बसायचा वेळ वेगळाच.

तिसरी जागा म्हणजे जिथं कापड विणलं जातं तिथं जाणं. आपल्याला जवळची इचलकरंजी. तिकडं मालेगाव आणि भिवंडी ही यंत्रमागाची गावं आहेत. ठोक व्यापाऱ्याकडं तागा घेतला, की भाव उतरतो. आम्हाला ३६ पन्ह्याचं रंगीत सुती ४५ रुपयांनी पडलं, म्हणजे वाकळीचं कापड ४१४ रुपयांत. पण दोघींचं जाणं-येणं, जेवण, हमाली मिळून ६०० रुपये गेले. १२ वाकळांवर वाटले तर प्रत्येकी ५०. तीनच वाकळांसाठी गेलो असतो, तर प्रत्येकी २०० पडले असते आणि गावातलं कापडच बरं ठरलं असतं. म्हणून आधी गटाची मागणी एकत्र लिहा, मगच एसटीत बसा.

तिथं 'ग्रे' कापड स्वस्त सांगतील. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं. त्यात खळ असते आणि ते जास्त आटतं. आतल्या थराला चालतं, पण रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवूनच वापरा.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. कापडाचा एक दोरा काढून जाळा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख झाली तर सुती, वितळून गाठ झाली तर पॉलिस्टर. मग कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा. रंग लागला तर ते कापड वाकळीला नको, एका धुण्यात सगळी वाकळ डागाळेल. तिसरं, कापड हातात चुरगळा. पांढरी पूड पडली तर खळ भरपूर आहे, धुतल्यावर ते विरळ होईल. आणि पक्की पावती घ्याच. गटाच्या वहीत तिच्याशिवाय खर्च दाखवता येत नाही.

आता आम्ही भाव सांगायच्या आधी वहीत चार ओळी लिहितो: कापड, आतला थर, दोरा, प्रवास. त्याखाली पाचवी ओळ दुपारची, एका दुपारचे आपण ठरवलेले पैसे गुणिले दुपारी. पाच ओळींची बेरीज झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला आकडा सांगत नाही. कोणी म्हणतं, "जुन्या साड्या तर आहेत, एवढे पैसे कशाचे?" तेव्हा आम्ही वही पुढं करतो.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तुमची एक वाकळ आणि मोजायची टेप घेऊन बसा. तिला किती मीटर गेलं ते मोजा, पाच ओळी लिहा आणि तिचा खरा भाव काढा.