एक गाणे आणि दहा रिव्हर्ब

घरच्या संगणकावर गाणे मिक्स करणाऱ्यांच्या हाताशी आज ढीगभर प्लगइन असतात. त्यांतले ठेवावे कोणते आणि कोणत्यावर पैसे घालवू नयेत?

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. आतल्या खोलीत मुलगा कानाला हेडफोन लावून संगणकासमोर बसला आहे. धाकट्या बहिणीने गायलेले भावगीत चार दिवसांपूर्वीच रेकॉर्ड झाले. तबला, हार्मोनियम सारे जागच्या जागी आहे. तरीही गाणे पुरे होत नाही, कारण तिच्या आवाजाला कोणता रिव्हर्ब द्यावा हेच ठरत नाही. दोन प्लगइन लावून झाले. आता तिसऱ्यासाठी वडिलांकडे पैसे मागण्याचा विचार चालू आहे.

न्हाणीघरात गाताना साधा गळासुद्धा भरदार वाटतो. भिंतींवर आदळून परतणारे असंख्य ध्वनी मूळ आवाजात मिसळतात, म्हणून. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की ती सुटी सुटी पुन्हा पुन्हा ऐकू येते, तो प्रतिध्वनी. रिव्हर्बमध्ये मात्र हे ध्वनी इतके दाट असतात की ते वेगळे मोजता येत नाहीत. गाद्या-पडदे लावलेल्या खोलीत रेकॉर्ड केलेला आवाज कोरडा येतो. त्याच्याभोवती जागा उभी करायची, एवढेच या प्लगइनचे काम.

पूर्वी त्यासाठी खरीच जागा लागे. १९४७ साली शिकागोमध्ये बिल पुटनम यांनी 'पेग ओ माय हार्ट' या धूनसाठी चक्क स्टुडिओच्या स्वच्छतागृहाचा उपयोग केला होता! १९५७ मध्ये जर्मनीत ईएमटी १४० हे यंत्र आले. लाकडी पेटीत टांगलेला पोलादाचा पातळ पत्रा थरथरे आणि आवाज घुमे. वजन पाऊणशे नव्हे, सुमारे पावणेतीनशे किलो. १९७६ मध्ये याच कंपनीने ईएमटी २५० हे डिजिटल यंत्र आणले. आज तोच पत्रा, तेच सभागृह, तीच खोली संगणकाच्या पडद्यावर मिळते. जवळजवळ प्रत्येक कंपनी यांचीच नक्कल विकते आणि घोळ इथेच सुरू होतो.

नावे अनेक, जाती दोनच

पहिली जात कन्व्होल्यूशनची. एखाद्या खऱ्या सभागृहात किंवा चर्चमध्ये फुगा फोडून वा विशिष्ट स्वर वाजवून तिथला ध्वनी टिपतात आणि तोच ठसा आपल्या आवाजावर उमटवतात. जागा हुबेहूब वाटते, पण तिच्यात फारसे फेरफार करता येत नाहीत. दुसरी जात अल्गोरिदमची. तिथे सारा हिशेब संगणक करतो, त्यामुळे खोली लहान-मोठी करणे, आवाज कमी-जास्त रेंगाळू देणे हे सारे सहज जमते.

या दोन्ही जाती बहुतेकांकडे आधीच असतात. अॅपलच्या लॉजिक प्रोमध्ये स्पेस डिझायनर पहिल्या जातीचा आणि क्रोमाव्हर्ब दुसऱ्या. रीपर वापरणाऱ्यांना रीअव्हर्ब आणि रीअव्हर्बेट मिळतातच. वालहाला कंपनीच्या पन्नास डॉलरच्या व्हिंटेजव्हर्बमध्ये हॉल, प्लेट, रूम, चेंबर असे सगळे प्रकार आहेत. तो घेतल्यावर निव्वळ 'प्लेट'साठी आणखी एक प्लगइन घेणे म्हणजे घरात कुकर असताना फक्त वरणासाठी दुसरा आणण्यासारखे आहे.

मग निवडायचे कसे? आधी गाण्याकडे पाहावे. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तीन सेकंद रेंगाळणारा हॉल लावला की एका शब्दाची छाया पुढच्या सहा मात्रांवर पडते. जलद तानेत तर एक सूर दुसऱ्यावर सांडतो आणि तान चिखलात खेळल्यासारखी वाटते. तानपुरा आधीच पोकळी भरून काढत असतो, त्यावर आणखी मोठा हॉल कशाला? विलंबित आलापाला मात्र तोच हॉल शोभतो. भावगीतात शब्द कळायला हवेत, म्हणून आवाजाला सव्वा-दीड सेकंदाची प्लेट आणि वीस-तीस मिलिसेकंदांचा प्री-डिले पुष्कळदा पुरतो. प्री-डिलेमुळे शब्द आधी पोहोचतो, घुमणे मागून येते.

दोन प्लगइनची तुलना करताना हमखास होणारी चूक अशी की, जो मोठा ऐकू येतो तोच चांगला वाटतो. त्यामुळे दोन्हींची पातळी आधी सारखी करावी. रेंगाळण्याचा काळही सारखा ठेवावा. मग पूर्ण गाणे चालू असताना, पडद्याकडे पाठ करून, बटण घरातल्या दुसऱ्या कुणाला दाबायला सांगावे. नुसता आवाज एकटा ऐकून काही ठरवू नये. एकटा ऐकताना सगळेच गोड लागते. दहा वेळांत फरक ओळखता आला नाही, तर नवीन प्लगइनचा खर्च वाचला म्हणायचा.

प्रत्येक वाद्याला वेगळा रिव्हर्ब लावण्याचा मोहही टाळलेला बरा. नाहीतर तबलजी एका घरात, गायिका दुसऱ्या घरात आणि हार्मोनियम शेजारच्या देवळात! एक छोटी खोली सर्वांसाठी, एक प्लेट आवाजासाठी, अशी दोन सेंडवर वाटणी केली की बहुतेक गाणी मार्गी लागतात. रिव्हर्बकडे जाणारा खर्ज फिल्टरने कापला की डग्ग्याचा घुमटा गाणे गढूळ करत नाही. शेवटी हेडफोन काढून एकदा स्पीकरवर ऐकावे, कारण दोन्हींवर अंदाज वेगळा येतो.

त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने दोन्ही मिक्स आईला ऐकवले. कोणते कुठल्या प्लगइनचे, हे सांगितले नाही. भाजी निवडता निवडता आईने दोन्ही ऐकले आणि म्हणाली, "पहिल्यात छान घुमतंय रे, पण दुसऱ्या कडव्यात ताई काय म्हणते ते कळत नाही." दुसरे मिक्स संगणकात आधीपासून असलेल्या प्लगइनचे होते.