अनावृत संगणकीय माहिती : शोध व वर्दी

महाजालाशी जोडलेल्या संगणकावर साठविलेली, परंतु परवलीचा शब्द वा तत्सम अटकाव नसल्यामुळे कोणाही तिऱ्हाइतास वाचता येणारी खाजगी माहिती म्हणजे अनावृत संगणकीय माहिती होय. अशी माहिती ज्याच्या दृष्टीस पडते व जो ती संबंधितांस कळवितो, त्यास भारतीय कायद्यानुसार कोणत्या जोखमी संभवतात, याचा विचार येथे केला आहे.

माहिती अनावृत राहण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. कागदपत्रांचा संचय सार्वजनिक ठेवला जातो किंवा पत्त्यातील अनुक्रमांक बदलताच दुसऱ्याचा कागद उघडतो. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका रोगनिदान प्रयोगशाळेचे ४३ हजारांवर तपासणी-अहवाल असेच उघडे असल्याचे आढळले. त्यांत एचआयव्ही चाचणीचेही अहवाल होते. ही बाब एका परदेशस्थ तज्ञाने जाहीर केली. शोधणारा मुंबईतच राहणारा असता, तर त्यास प्रथम माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचा विचार करावा लागला असता.

या अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे, मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणारा अथवा त्यातील माहिती उतरवून घेणारा नुकसानभरपाईस पात्र ठरतो. ‘प्रवेश’ या संज्ञेची व्याख्या अतिशय व्यापक असून संगणकाशी नुसता संपर्क साधणेही तीत बसते. दार उघडे असणे म्हणजे परवानगी असणे काय, याविषयी अधिनियम मौन पाळतो. खरी अडचण येथेच आहे. माहिती उघडी आहे हे दाखवावयाचे तर तिचा नमुना पुढे ठेवावा लागतो आणि तो नमुनाच प्रवेश केल्याचा पुरावा ठरतो. कलम ४३ मध्ये हेतूचा प्रश्न नाही. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असेल, तरच कलम ६६ खाली गुन्हा होतो व तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सद्‌हेतूने कळविणाऱ्यास हे शब्द तारतात. तथापि गुन्हा दखलपात्र असल्याने हेतूची छाननी पुष्कळदा अटक व संगणकाची जप्ती यांनंतरच होते.

कुर्ल्यालगतच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ही जोखीम आणखी वाढते. तेथे मुख्यालय असलेले भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ व आयसीआयसीआय बँक यांच्या काही संगणकयंत्रणा जून २०२२ मध्ये कलम ७० अन्वये ‘संरक्षित’ म्हणून घोषित झाल्या. अशा यंत्रणेत अनधिकृत प्रवेशाचा नुसता प्रयत्नही दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र आहे आणि या कलमात अप्रामाणिक हेतूची अट घातलेली नाही. समोरची यंत्रणा संरक्षित आहे की नाही, हे बाहेरून पाहणाऱ्यास सहसा समजत नाही.

दोष दाखविणाऱ्याकडेच चौकशीचा रोख वळल्याचे उदाहरण मुंबईतही घडले आहे. ते महाजालावरील माहितीचे नव्हे, तर यंत्राचे आहे. हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये भारतीय मतदानयंत्रातील दोष प्रत्यक्ष यंत्रावर दाखविले. ते यंत्र मुंबई जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातून नाहीसे झालेले असल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी त्यांना २१ ऑगस्ट २०१० रोजी अटक केली. यंत्र कोणी दिले, हे सांगण्यास त्यांनी नकार दिला. २८ ऑगस्ट रोजी त्यांना जामीन मिळाला. दोष खरा की खोटा, यापेक्षा यंत्र हाती कसे आले हाच प्रश्न तपासात पुढे आला. जानेवारी २०१८ मध्ये ‘आधार’ची माहिती अल्प मोबदल्यात मिळते, असे वृत्त देणाऱ्या ‘द ट्रिब्यून’च्या वार्ताहराचे नाव दिल्ली पोलिसांच्या प्रथम वर्दी अहवालात आले. तक्रार विशिष्ट ओळख प्राधिकरणाची होती. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने आधारच्या केंद्रीय भांडारातील अनधिकृत प्रवेशाची कमाल शिक्षा तीन वर्षांवरून दहा वर्षे करण्यात आली.

वर्दी देण्याचा अधिकृत मार्ग कलम ७० ब खालील ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेकडे जातो. ती दोषांची सूचना स्वीकारते व संबंधितांशी समन्वय साधते; परंतु खटल्यापासून अभय देण्याचा अधिकार अधिनियमाने तिला दिलेला नाही. सापडलेला संच संपूर्ण न उतरविणे, व्यक्तींची नावे झाकणे व पाहण्याची वेळ नोंदविणे यांमुळे हेतूचा पुरावा बळकट होतो. मोबदल्याची मागणी मात्र घातक ठरते. ‘पैसे द्या, अन्यथा प्रसिद्ध करू’ असा सूर निघाल्यास प्रकरण खंडणीच्या कलमाखाली जाते.

अमेरिकेत २०१० मध्ये एटी अँड टी कंपनीच्या उघड्या पत्त्यांवरून सुमारे १,१४,००० ग्राहकांचे ई-मेल पत्ते गोळा करून वृत्तस्थळास दिल्याबद्दल एका इसमास ४१ महिन्यांची शिक्षा झाली. ती २०१४ मध्ये रद्द झाली, पण खटला चुकीच्या ठिकाणी चालला या कारणावरून; मूळ प्रश्न अनिर्णीतच राहिला. पुढे मे २०२२ मध्ये तेथील न्याय विभागाने सद्‌हेतूने केलेल्या सुरक्षा-संशोधनावर खटले न भरण्याचे धोरण जाहीर केले. बेल्जियममध्ये २०२३ पासून ठराविक अटी पाळणाऱ्या शोधकास कायद्यानेच संरक्षण आहे. भारताच्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहितीभंग झाल्यास मंडळाला व बाधित व्यक्तींना कळविण्याचे कर्तव्य माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकले आहे. संस्थेच्या आधी भंग ज्याच्या लक्षात आला, त्या त्रयस्थास अभय देणारी तरतूद त्यात नाही.