लेक दिल्लीला निघाली की...

मैत्रिणींनो, कॉलेजचं अख्खं सत्र इंटर्नशिपसाठी दिल्लीत काढणाऱ्या मुली हल्ली आपल्या ओळखीत असतातच. आईची तयारी ठरलेली. डिंकाचे लाडू, थालीपिठाची भाजणी, थंडीसाठी जाड स्वेटर. मेट्रोचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो, हेही आपण बजावतो. पण ऑफिसात कुणी त्रास दिला तर काय करायचं, हे सांगायचं मात्र राहूनच जातं!

'आपण चार महिन्यांच्या पाहुण्या, त्यात बिनपगारी. शिवाय सर्टिफिकेट साहेबांच्या हातात' म्हणून मुली गप्प बसतात. तर ऐका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे, मग पगार मिळो वा न मिळो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती हवीच. तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची. ऑफिस लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

समितीच्या नेमणुकीचा आदेश दर्शनी जागी लावावाच लागतो. पहिल्याच दिवशी तो वाचून घे, असं लेकीला सांगा. आणि हेही सांगा, "सर्टिफिकेट बुडालं तरी चालेल, पण सोसत बसू नकोस. आम्ही आहोत."